मणिबेलीपर्यंत इंटरनेट: ग्रामपंचायतीत फायबर आले म्हणजे पाड्यावर रेंज आली का?

महाराष्ट्रात लोकसभेची निवडणूक असो की विधानसभेची, मतदारसंघांची यादी नंदुरबार जिल्ह्यापासून सुरू होते. लोकसभेचा मतदारसंघ क्रमांक १ नंदुरबार, विधानसभेचा क्रमांक १ अक्कलकुवा आणि त्यातले मतदान केंद्र क्रमांक १ मणिबेली. मतदान यंत्रे घेऊन बोटीतून निघालेल्या कर्मचाऱ्यांचे फोटो दर निवडणुकीत सगळीकडे फिरतात. मतदान संपले की गावाचे नाव पुन्हा मागे पडते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये हा जिल्हा वेगळ्या कारणाने बातमीत आला. महाराष्ट्र सरकारने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीसोबत इरादापत्रावर सही केली. त्यात प्राधान्याच्या जिल्ह्यांमध्ये गडचिरोली, वाशीम आणि धाराशिवसोबत नंदुरबारचे नाव होते. त्याआधीपासून भारतनेट, महानेट, बीएसएनएलचे फोर-जी टॉवर अशा योजना सुरू आहेतच.

या सगळ्यांमागे एक गृहीतक असते: इंटरनेट पोहोचले की मागासलेल्या भागाची अर्थव्यवस्था उभी राहते. हे कितपत खरे आहे? नर्मदाकाठच्या मणिबेलीसारख्या गावात इंटरनेट आल्याने काय बदलेल आणि काय बदलणार नाही?

मणिबेली कुठे आहे?

मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातले, सातपुड्याच्या उत्तर उतारावर नर्मदेच्या काठी वसलेले आदिवासी गाव आहे. सरदार सरोवर धरणाच्या भिंतीपासून वरच्या बाजूला येणारे आणि महाराष्ट्राच्या बुडीत क्षेत्रातले हे पहिले गाव. भिंतीच्या खालच्या बाजूला केवडिया, म्हणजे आताचे एकतानगर आहे. २०१८ साली उद्घाटन झालेला १८२ मीटर उंचीचा 'स्टॅच्यू ऑफ युनिटी' तिथेच उभा आहे.

१९९० च्या दशकात मणिबेलीचे नाव जगभर पोहोचले होते. धरणाविरोधात नर्मदा बचाव आंदोलनाने इथे पावसाळी सत्याग्रह केले. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये प्रकल्पावर कठोर अहवाल दिला आणि मार्च १९९३ मध्ये बँक या प्रकल्पातून बाहेर पडली. पुढच्या वर्षी मोठ्या धरणांना कर्ज देणे थांबवा, अशी मागणी करणारे निवेदन ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी बँकेला दिले. ते 'मणिबेली जाहीरनामा' या नावानेच ओळखले जाते.

इथली अर्थव्यवस्था का अडखळली?

धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत १३८.६८ मीटर झाली. २०१७ मध्ये दरवाजे बंद करून धरणाचे लोकार्पण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा पूर्ण क्षमतेने भरला. महाराष्ट्रातली ३३ गावे बुडीत क्षेत्रात आली. ही सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव या दोन तालुक्यांतली. काठची सुपीक जमीन पाण्याखाली गेली. काही कुटुंबांचे पुनर्वसन तळोदा तालुक्यात आणि गुजरातमध्ये झाले, तर काही डोंगरावर वरच्या बाजूला सरकली. जुन्या पायवाटा बुडाल्याने अनेक पाड्यांना जाण्यासाठी होडी किंवा बोट हाच मार्ग उरला.

धरणातून तयार होणाऱ्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. जमीन मात्र या डोंगरातल्या गावांची गेली.

उरलेल्या शेतीत पावसाच्या भरवशावर ज्वारी, मका, तूर, भगर अशी पिके निघतात. जोडीला मोह, चारोळी, डिंक यांसारखे वनोपज आहे. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून आणि वाळवून आमचूर करतात. सातपुड्यातल्या अनेक कुटुंबांसाठी ते रोख पैशाचे महत्त्वाचे साधन आहे. जलाशयात मासेमारी होते आणि विस्थापितांनी मच्छीमार सहकारी संस्थाही उभ्या केल्या आहेत. तरीही वर्ष भागत नाही. म्हणून जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला, बांधकामावर आणि शेतमजुरीला गुजरातमध्ये जातात.

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती आणि त्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वात कमी. २०१८ मध्ये केंद्राने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चार जिल्हे होते आणि नंदुरबार त्यांपैकी एक होता.

रेंज नसल्याची किंमत कोण मोजते?

शहरात इंटरनेट गेले की काम खोळंबते. सातपुड्यात इंटरनेट नसेल तर हक्काचे पैसे अडकतात, कारण गेल्या १५ वर्षांत बहुतेक सरकारी योजना ऑनलाइन झाल्या आहेत.

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात वाटले गेले. पुढे रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती आणि मजुरी आधारशी जोडली गेली. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा लावला की तो पडताळण्यासाठी नेटवर्क लागते. बँक मित्राकडून पैसे काढायलाही तेच लागते.

रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवर बंधनकारक झाली. कामावरच्या मजुरांचा फोटो दिवसातून दोनदा, ठिकाणाच्या नोंदीसह घ्यायचा असा नियम आला. रेंज नसेल तर फोटो फोनमध्ये साठवून नंतर पाठवता येतो. पण तो वेळेत गेला नाही तर हजेरीचा आणि पर्यायाने मजुरीचा प्रश्न उभा राहतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेसाठी ई-केवायसी बंधनकारक झाली. महिन्याला १,५०० रुपये मिळत राहण्यासाठी महिलांना आधार क्रमांक टाकून मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा होता. त्या काळात सातपुड्यातल्या महिला रेंज शोधत डोंगरमाथ्यावर जमल्याच्या बातम्या राज्यभर गाजल्या. ओटीपीची मुदत काही मिनिटांची असते. रेंज येत-जात असेल तर तेवढ्यात ती संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

अशा कामासाठी मोलगी किंवा अक्कलकुव्याला जायचे म्हणजे बोट किंवा जीपचे भाडे आणि बुडालेली एक दिवसाची मजुरी. सर्व्हर बंद निघाला तर दुसरी फेरी. म्हणजे नेटवर्क नसलेल्या गावात योजनेचा लाभ घेण्याचा खर्च लाभार्थीच करतो आणि तो कुठल्याही सरकारी हिशेबात येत नाही.

आरोग्याचेही तसेच आहे. दुर्गम गावांसाठी जिल्ह्यात बोट ॲम्ब्युलन्स आहेत. पण बोट बोलवायची तर निरोप पोहोचला पाहिजे. २०२० मध्ये मणिबेलीजवळच्या चिमलखेडी गावातल्या अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत पाड्यांवरच्या बालकांपर्यंत आणि गरोदर मातांपर्यंत जात होत्या. त्यांचे देशभर कौतुक झाले. कौतुक योग्यच होते. पण त्या पाड्यांवरून आरोग्य केंद्राशी बोलता येत असते, तर प्रत्येक तपासणीसाठी आणि निरोपासाठी होडी काढावी लागली नसती.

भारतनेट म्हणजे काय?

देशातल्या सर्व ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडायचे, हा निर्णय केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये घेतला. तेव्हा योजनेचे नाव 'नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क' होते, पुढे ते 'भारतनेट' झाले. ऑप्टिकल फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. तिच्यातून प्रकाशाच्या रूपाने माहिती जाते आणि एका तारेवर हजारो घरांचा भार पेलता येतो.

दुसऱ्या टप्प्यात, २०१७ पासून, काही राज्यांनी हे काम स्वतःकडे घेतले. महाराष्ट्रात १२ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचे काम राज्य सरकारच्या महाआयटी या कंपनीमार्फत 'महानेट' नावाने झाले.

२०२५ च्या सुरुवातीला केंद्राने दिलेल्या आकडेवारीनुसार देशभरात सुमारे २ लाख १४ हजार ग्रामपंचायती जोडल्या गेल्या होत्या. या जाळ्यावरून घरोघर दिलेल्या फायबर जोडण्या मात्र सुमारे १२ लाख होत्या. भागाकार केला तर एका ग्रामपंचायतीमागे सहासुद्धा जोडण्या पडत नाहीत. तार पंचायतीपर्यंत पोहोचली, पण बहुतेक ठिकाणी तिथून पुढे गेली नाही.

केंद्राने ४ ऑगस्ट २०२३ रोजी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यात दोन मोठे बदल आहेत. पहिला, जाळे सरळ रेषेऐवजी वर्तुळात जोडायचे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने संपर्क राहतो. दुसरा, ग्रामपंचायतीच्या मुख्यालयाबाहेरच्या गावांनाही मागणीनुसार जोडणी द्यायची.

'ग्रामपंचायत जोडली' म्हणजे गाव जोडले का?

सातपुड्यात नाही. सपाट प्रदेशात गाव म्हणजे एकमेकांना चिकटलेली घरे. पंचायतीच्या इमारतीतून शंभर-दोनशे मीटर तार ओढली की गाव जोडले जाते. अक्कलकुवा-धडगावमध्ये एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे असतात. एक पाडा डोंगराच्या या सोंडेवर, दुसरा दरीपलीकडे, तिसरा पाण्याच्या काठावर. पंचायतीच्या कार्यालयात इंटरनेट आले तरी पाड्यावर ते पोहोचलेले नसते.

तिथपर्यंत येतानाही तार अनेक ठिकाणी अडते. घाटरस्ता रुंद करताना जेसीबीने ती तुटते. पावसाळ्यात दरड कोसळते. खांबावरून नेलेली तार वादळात खाली येते. दुरुस्तीला माणूस तालुक्याहून किंवा जिल्ह्याहून यावा लागतो. पंचायतीतले यंत्र विजेवर चालते, वीज गेली की तेही बंद. यंत्र बसवले, उद्घाटन झाले आणि वीजबिल किंवा दुरुस्ती कोणी करायची हे न ठरल्याने ते कुलूपबंद राहिले, ही ग्रामीण भागातली ओळखीची गोष्ट आहे.

फायबर, टॉवर की उपग्रह?

तिन्हींचे काम वेगळे आहे.

*फायबर:* वेग सर्वात जास्त आणि दीर्घकाळात स्वस्त. पण डोंगर, दरी आणि जलाशय ओलांडून तार टाकणे महाग आणि ती टिकवणे त्याहून अवघड.

*मोबाइल टॉवर:* लोकांच्या हातातल्या साध्या स्मार्टफोनवर थेट चालतो, म्हणून सर्वात उपयोगी. केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांतील ७,२८७ गावांसाठी फोर-जी योजना मंजूर केली. जुलै २०२२ मध्ये देशातल्या उरलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना आली. ते काम बीएसएनएलकडे आहे. अडचण अशी की फोर-जीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, मधे डोंगराची सोंड आली की पलीकडे सावली पडते. निवडणूक यंत्रणा अशा भागाला 'शॅडो एरिया' म्हणते. शिवाय टॉवरलाही मागून फायबर, सूक्ष्मलहरी किंवा उपग्रहाचा दुवा लागतो आणि वीज लागते.

*उपग्रह:* डोंगर आडवा येत नाही, वर मोकळे आकाश असले की झाले. जुन्या पद्धतीचे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात, त्यामुळे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर परत यायला अर्धा सेकंद जातो. स्टारलिंकसारखे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरतात, त्यामुळे हा उशीर अगदी कमी असतो. पण जमिनीवर अँटेनाची डिश लागते आणि ती व तिचे मासिक भाडे मजुराच्या कुटुंबाला परवडणारे नाही. म्हणून हा पर्याय घरोघर देण्यापेक्षा शाळा, आरोग्य केंद्र, रेशन दुकान, आपले सरकार सेवा केंद्र अशा सामाईक ठिकाणी जास्त शोभतो. राज्य सरकारच्या इरादापत्रातही सरकारी संस्था, ग्रामीण वस्त्या आणि महत्त्वाच्या सार्वजनिक सुविधांचाच उल्लेख आहे.

मणिबेलीसारख्या ठिकाणी उत्तर बहुधा मिश्र असेल: जिथवर रस्ता आणि वीज आहे तिथवर फायबर, त्यापुढे सौरऊर्जेवरचा छोटा टॉवर आणि अगदी टोकाच्या पाड्यांवरच्या शाळा-अंगणवाडीत उपग्रहाची डिश.

इंटरनेट आले की उत्पन्न वाढते का?

याचे सर्वात प्रसिद्ध उत्तर केरळातून आले. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल पोहोचल्यावर काय झाले, याचा अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी मच्छीमार आपापल्या किनाऱ्यावरच मासळी विकायचे. एका किनाऱ्यावर गिऱ्हाईक नसल्याने मासळी फेकून द्यावी लागे, तर शेजारच्या किनाऱ्यावर ती महाग असे. फोन आल्यावर समुद्रातूनच भाव विचारून ते योग्य किनाऱ्याकडे वळू लागले. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, गिऱ्हाईकांसाठी भाव ४ टक्क्यांनी उतरला आणि मासळी वाया जाणे जवळजवळ थांबले.

मणिबेलीच्या मच्छीमाराला हेच जमेल का? इथे फरक लक्षात घ्यावा लागतो. केरळच्या मच्छीमाराकडे इंजिनाची होडी होती आणि काही किलोमीटरवर दुसरा बाजार होता. भाव कळल्यावर तो तिकडे जाऊ शकत होता. नर्मदाकाठच्या मच्छीमाराला सुरतचा किंवा नंदुरबारचा भाव फोनवर कळेलही. पण बर्फ नसेल, बोट मिळत नसेल आणि काठापासून पक्का रस्ता नसेल, तर मासळी शेवटी दारात येणाऱ्या व्यापाऱ्यालाच, तो म्हणेल त्या भावात द्यावी लागेल.

आमचूरची गोष्ट थोडी वेगळी आहे. आमचूर नासत नाही, साठवता येतो. भाव पडलेला दिसला तर थांबता येते. पण थांबण्यासाठी घरात खर्चाला पैसे हवेत. पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी उचल घेतलेली असेल, तर माल त्याच व्यापाऱ्याला द्यावा लागतो. तिथे भावाची माहिती असून उपयोग होत नाही. दहा-वीस घरांनी, बचत गटाने किंवा सहकारी संस्थेने माल एकत्र केला, तर फोनवरचा भाव हातात पडणारा भाव होऊ शकतो.

चीनमधला अनुभव हेच सांगतो. तिथे सरकार आणि एका मोठ्या ई-कॉमर्स कंपनीने हजारो खेड्यांत ऑनलाइन खरेदी-विक्रीची केंद्रे काढली. अर्थतज्ज्ञांनी तीन प्रांतांतल्या गावांत केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी ग्रामीण उत्पादकाच्या उत्पन्नात फारसा फरक पडला नव्हता. फायदा झाला तो मुख्यतः थोड्या कुटुंबांना आणि तोही वस्तू स्वस्त मिळाल्यामुळे. गावातून माल विकला जाण्यापेक्षा गावात माल येण्याचे प्रमाण जास्त होते.

आफ्रिकेतले चित्र अधिक आशादायी आहे. समुद्राखालून टाकलेल्या केबलमुळे वेगवान इंटरनेट आलेल्या १२ देशांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडलेल्या भागांत रोजगार वाढल्याचे त्यात दिसले. कमी शिकलेल्यांनाही त्यातून काम मिळाले, पण जास्त वाढ कौशल्याच्या कामांत झाली.

तीन अभ्यासांचे सार एकच निघते. इंटरनेटमुळे माहिती मिळते, पण ती वापरण्याची ताकद रस्ता, वीज, साठवण, खेळते पैसे आणि शिकलेली माणसे यांतून येते. ती जिथे आधीपासून आहे तिथे इंटरनेट वेगाने फळ देते. जिथे नाही, तिथे ते एकट्याने अर्थव्यवस्था उभी करू शकत नाही.

मग मणिबेलीसाठी पहिला फायदा कोणता?

उत्पन्नवाढ नव्हे, तर गळती थांबणे. रेशनसाठी दुसरी फेरी वाचणे, हजेरी वेळेत नोंदली जाणे, पेन्शन पाड्याजवळ मिळणे, बोट ॲम्ब्युलन्सला फोन लागणे, शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरला जाणे. हे फायदे रस्ता किंवा शीतगृह होण्याची वाट पाहत नाहीत. रेंज आली की त्याच महिन्यापासून कुटुंबाचा पैसा आणि मजुरीचे दिवस वाचू लागतात.

स्थलांतरितांचाही प्रश्न आहे. ऊसतोडीला गेलेला बाप गुजरातमधून घरी फोन करू शकला, मजुरीचे पैसे थेट घरच्या खात्यावर टाकू शकला आणि ते गावातच काढता आले, तर तो मोठा आधार आहे. यामुळे स्थलांतर थांबणार नाही. पण मुकादमाच्या शब्दावर विसंबून राहण्याऐवजी दर आणि कामाची जागा आधी विचारून घेता येईल.

हरिसालने काय शिकवले?

महाराष्ट्राने हा प्रयोग एकदा करून पाहिला आहे. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या धारणी तालुक्यातले हरिसाल हे आदिवासी गाव २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 'डिजिटल गाव' म्हणून पुढे आणले. वाय-फाय, दूरस्थ वैद्यकीय सल्ला, डिजिटल वर्ग अशा सोयी दिल्या गेल्या. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत हरिसालची चित्रफीत दाखवली आणि या सोयी प्रत्यक्षात चालत नसल्याचा आरोप केला. सरकारच्या बाजूने तो फेटाळला गेला आणि दोन्ही बाजूंचे व्हिडिओ घरोघर पोहोचले.

राजकारण बाजूला ठेवले तरी धडा उरतो. उद्घाटनाच्या दिवशी वाय-फाय चालणे सोपे असते. तीन वर्षांनी ते चालते का, हा खरा प्रश्न आहे.

याच काळात पालघर जिल्ह्यातल्या काही गावांत आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने वेगळा मार्ग दाखवला. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या पण न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट न्यायचे. या लहरी झाडी आणि चढउतार ओलांडून लांब जातात. त्यासोबत ग्रामपंचायत आणि गावातलाच एखादा तरुण उद्योजक यांनी मिळून सेवा चालवायची, असे प्रारूप मांडले. दुरुस्तीची जबाबदारी आणि त्यातले उत्पन्न दोन्ही गावात राहावे, हा त्यामागचा विचार. २०१७ मध्ये या प्रकल्पाला मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत पुरस्कार मिळाला.

ग्रामसभेच्या हातात काय आहे?

वाटते त्यापेक्षा बरेच. अक्कलकुवा आणि धडगाव हे तालुके पाचव्या अनुसूचीत येतात, म्हणजे तिथे पेसा कायदा लागू आहे. राज्याच्या आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी २०१५ पासून थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो आणि त्यातून पायाभूत सुविधांची कामे घेता येतात.

वनजमिनीचा अडसरही पूर्णपणे बंद दरवाजा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये १३ प्रकारच्या गावसुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी आणि रेशन दुकानासोबत त्यात वीज आणि दूरसंचाराच्या तारांचाही समावेश आहे. अट अशी की प्रति हेक्टर ७५ पेक्षा जास्त झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. म्हणजे तार कुठून जावी हे ठरवण्यात ग्रामसभेचा शब्द कायद्याने आवश्यक आहे.

घोषणेची बातमी आली तर काय तपासावे?

'दुर्गम गाव इंटरनेटने जोडले' अशी पोस्ट पुढे पाठवण्याआधी पाच गोष्टी पाहता येतात.

१. जोडणी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आहे की पाड्यांवरही?

२. वेग किती? २०२३ पासून भारतात किमान २ एमबीपीएस वेग असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणतात.

३. वीज गेल्यावर किती तास चालते? सौर पॅनेल किंवा बॅटरी आहे का?

४. बिघडले तर दुरुस्त कोण करणार आणि किती दिवसांत? त्यासाठी गावात प्रशिक्षित माणूस आहे का?

५. ती जोडणी वापरून आज गावात नेमके कोणते काम होते? रेशन, पैसे काढणे, डॉक्टरांचा सल्ला की फक्त उद्घाटनाची फीत?

आणखी एक गोष्ट सरकारने इंटरनेटची वाट न पाहता करण्यासारखी आहे. जिथे रेंज नाही तिथे अंगठ्याच्या आणि ओटीपीच्या सक्तीला ऑफलाइन पर्याय ठेवणे. नोंदवही, प्रत्यक्ष पडताळणी आणि महिन्यातून ठरलेल्या दिवशी पाड्यावर येणारे शिबिर. जोडणी द्यायला सरकारला उशीर झाला, तर त्याचा भुर्दंड ज्याच्यापर्यंत ती पोहोचलीच नाही त्या माणसावर पडू नये.

राज्याच्या मतदार यादीत मणिबेली पहिल्या क्रमांकावर आहे, कारण ती यादी जिथून सुरू होते तिथे हे गाव आहे. तार, टॉवर आणि डिश मात्र शहराकडून निघतात, आणि त्या बाजूने मोजले तर हेच गाव शेवटचे ठरते.